पोकळ भिंत

१२ जानेवारी

आजच्या पेपरात अनिलकुमारचा फोटो आहे. अंगावर शाल, हातात नारळ, शेजारी टेबलावर आमची भिंगरी. खाली ओळ: ‘ग्रामीण प्रयोगशाळांसाठी स्वस्त सेंट्रिफ्यूज बनवणारा सोलापूरचा संशोधक.’ संशोधक. एकवचन.

भिंगरी हे नाव मी ठेवलं होतं. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून त्यातलं सीरम वेगळं करणारं एवढंसं यंत्र, गावातल्या लहान लॅबला परवडेल असं. शुक्रवार पेठेत माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, लेथच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि अनिलकुमारनं चार वर्षं खपून ते केलं. मोटार आणि सर्किट त्याचं. नळ्या बसतात ती फिरती चकती माझी. झाकणाचं कुलूप माझं. चकती फुटलीच तर तुकडे अडवणारा पोलादी गार्ड माझा. गेल्या वर्षी तो एमआयडीसीत गेला, कंपनी काढली, डिझाइन एकट्याच्या नावावर नोंदवलं आणि यंत्राचं नाव बदलून ‘गतिमान’ केलं. मग मला म्हणाला, “तू पण ये की विजू. पार्टनर म्हणूनच ये.” नोंदणी आधी, निमंत्रण नंतर. मी गेले नाही.

आई म्हणाली, “फोटोत वाळलेला दिसतोय गं.”

मी पेपर बंबात घातला.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेत आईला घेऊन गेले. पाळण्याच्या रांगेत पॉलिटेक्निकचे जुने सर भेटले. “काय विजयमाला, तू अनिलकुमारकडं कामाला होतीस ना? आता काय करतेस?”

कामाला.

मी हसून काहीतरी बोलले. घरी आल्यावर आईनं जेवायला वाढलं, ते तसंच राहिलं. आई म्हणाली, “त्या पोराचं नाव दिवसातनं किती वेळा घेतीस, मोजलंयस का कधी?” मी म्हटलं, शत्रूचं नाव घ्यावंच लागतं. ती ताट उचलून आत गेली. तिला हे कळायचं नाही.

२ फेब्रुवारी

ठरलं. नवी भिंगरी करायची, त्याच्या नोंदणीत न बसणारी, जास्त नळ्यांची. आणि ती विकायची नाही. इंटरनेटवर तिचं पान उघडायचं. चित्रं, मापं, थ्रीडी प्रिंटरवर चकती छापायच्या फाइली, सर्किट, जोडणीची पायरी न् पायरी, सगळं फुकट, मराठीत. कुणीही उतरवावं, करावं, बदलावं. जे घरी करता येतं ते त्याच्याकडून कोण घेईल? सहा महिन्यांत त्याच्या दाराला कुलूप.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “चांगलं काम हाय. लोकांच्या उपेगाला येतंय.” मी मान डोलावली.

९ फेब्रुवारी

लिहिणं करण्यापेक्षा अवघड निघालं. ‘स्क्रू घट्ट करा’ असं लिहिते आणि वाटतं, किती घट्ट? आपल्या हाताला ठाऊक असतं ते शब्दात येत नाही. मग ठरवलं, प्रत्येक पायरीखाली ‘हे का?’ अशी ओळ लिहायची. कारण कळलं की माणूस स्वतःच्या सोयीनं बदल करताना धोका ओळखतो. झाकणाला कुलूप का, दोन समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं का. शेवटी लिहिलं, ‘तुमच्या गावात मिळेल ते वापरा आणि काय बदललंत ते इथं कळवा.’

हे लिहिताना छान वाटत होतं, हे कबूल करते. काही दिवस तो आठवलाही नाही.

१४ फेब्रुवारी

एका डॉक्टरांकडचं गतिमान दुरुस्तीला काढलंय, म्हणून बघायला गेले. उघडलं. पोलादी गार्ड नाही. त्याजागी प्लास्टिकचं पातळ आवरण. मागं यावरूनच आमचं भांडण झालं होतं. तो म्हणायचा, गार्डनं यंत्र जड होतं, गिऱ्हाईक नाक मुरडतं. चकती मजबूत असेल तर गार्ड कशाला?

चकती मजबूत असेल तर.

आत तळाशी, मी मूळ साच्यावर टोचणीनं कोरलेली भिंगरीची खूण तशीच होती. साच्यातून ती काढायचे कष्टही त्यानं घेतलेले नाहीत. आळशी.

त्याला जास्त नळ्यांची चकती हवीये, हे डॉक्टर बोलता बोलता बोलले. त्याला ती जमत नाहीये. म्हणजे माझं पान उघडलं की तो माझी चकती उतरवणार. लायसन खुलं, त्याला कोण अडवणार?

१७ फेब्रुवारी

केलं.

चकतीला जी बाहेरची भिंत असते, फिरताना नळ्यांचा सगळा भार जिच्यावर येतो, ती मी फाइलमध्ये आतून पोकळ केली. बाहेरून माप तेच, दिसायला तीच. महिना-दोन महिने नीट चालेल. मग सोलापूरचा उन्हाळा आणि मोटारीची ऊब लागली की एक दिवस फुटेल.

माझ्या भिंगरीत पोलादी गार्ड आहे. मी स्वतः पोकळ चकती घालून, फुटेपर्यंत पळवून पाहिली. ‘टण्ण’ असा आवाज झाला, एक तुकडाही बाहेर आला नाही. म्हणजे जो माझं लिहिलेलं पाळेल त्याला काही होणार नाही. जो गार्ड टाकून देईल तोच सापडेल. असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

एक गोष्ट मात्र करावी लागली. गार्डच्या पायरीखालची ‘हे का?’ ही ओळ काढली. ती वाचून त्यानं गार्ड बसवला तर सगळं फुकट. आता तिथं नुसतं आहे, ‘पोलादी पाइपचा गार्ड बसवा.’

२१ फेब्रुवारी

पान उघडलं. संध्याकाळपर्यंत थोड्या लोकांनी फाइली उतरवल्या. त्यात अनिलकुमारच्या कंपनीचं नाव होतं. लपवायचीही त्याला गरज वाटली नाही. खाली दोन शब्द लिहिलेत: ‘सुंदर काम.’

रात्री छान झोप लागली.

६ मार्च

मैंदर्गीहून फोन आला. जुलेखा नावाची मुलगी आहे, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून तिनं गावातच रक्ततपासणीची लॅब टाकलीये. माणसांचं रक्त तपासते आणि जनावरांच्या डॉक्टरांनी दिलं तर मेंढ्यांचंही. म्हणाली, “मॅडम, तुमच्या पानावरचं बघून बनवतेय. तुमी लिहिलंय ते लई सोपं हाय. चकती सोलापूरवरनं छापून आणली. आमच्याकडं मेंढ्या गाभडायला लागल्यात, दिवस भरायच्या आधीच पिल्लं टाकतायत. रक्त अक्कलकोटला पाठवायचं तर वाटेतच खराब होतं. हितंच सीरम काढलं तर काम होईल की.”

तिचं बोलणं चटपटीत आहे. मधेच मला विचारलं, “पायरी अकरात स्क्रू कुठला ते चित्रात दिसत न्हाई. चित्र बदला.” बदललं.

१९ मार्च

जुलेखानं भिंगरीचा फोटो पाठवला. नीट जोडलीये, तारा बांधून घेतल्यात. पण गार्डच्या जागी जर्मनचं पातेलं आहे, पातळ ॲल्युमिनियमचं. बुड कापून उलटं बसवलंय. फोटोखाली तिनं लिहिलं होतं: ‘मैंदर्गीत पोलादी पाइप मिळाला नाही. तुम्हीच लिहिलंय, मिळेल ते वापरा. कळवतेय.’

फोटो मोठा करून पातेल्याची कड पाहिली.

जर्मनचं पातेलं ते. पोकळ चकती फुटली तर कागदासारखं फाटेल.

पानावर इशारा टाकला तर तो सगळ्यात आधी अनिलकुमार वाचेल. परवाच कळलंय, गतिमानमध्ये माझी चकती बसायला लागलीये, आणि अठ्ठावीस एप्रिलला पशुसंवर्धनच्या अधिकाऱ्यांसमोर त्याचं प्रात्यक्षिक आहे. सगळ्या तालुक्यांना यंत्रं द्यायची ऑर्डर त्यावर ठरणार. इतकं जवळ आलेलं हातानं घालवायचं?

मार्ग काढला. भरीव चकती छापली, अप्पांकडून गार्डचा पाइप कापून घेतला आणि दोन्ही अक्कलकोटच्या एसटीनं पाठवली. जुलेखाला फोनवर म्हटलं, “ही जरा सुधारलेली चकती आहे, हीच वापर.”

“जुनीत काय खराबी हाय का?”

“नाही. ही जास्त चांगली आहे, एवढंच.”

झालं. मैंदर्गीचा प्रश्न मिटला.

४ एप्रिल

ऊन चढलंय. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. दर वर्षी वैतागते, यंदा रोज तापमान बघते आणि बरं वाटतं.

धुळा नावाच्या धनगराचा आवाज जुलेखानं रेकॉर्ड करून पाठवला. “ताई, पोरीनं रगात तपासून सांगितलं, कुटल्या मेंढ्यांना रोग हाय. तेवढ्या बाजूला काढल्या. बाकीचा कळप वाचला बघा.” दोनदा ऐकलं.

टेंभुर्णीच्या एका दवाखान्यानंही भिंगरी केलीये. गार्डसकट. फोटोत नीट पाहिलं.

१५ एप्रिल

अनिलकुमारचा फोन आला. उचलला नाही. मग निरोप: ‘प्रात्यक्षिकाला ये. चकती तुझी आहे हे स्टेजवरून सांगणार आहे.’

फुटेल तेव्हाही सांग म्हणावं.

जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार.

२३ एप्रिल

दुपारी जुलेखाच्या नंबरवरून फोन. बोलणारा पुरुष होता.

“ताई, मी धुळा. मैंदर्गीवरनं. मशीन फुटलं. पोरीच्या हाताला लई लागलंय. रगात थांबंना. अक्कलकोटला न्हेतोय, तितनं सोलापूरला.”

मी विचारलं, चकती कुठली होती? तो म्हणाला, “आँ?”

२४ एप्रिल

दवाखान्यात गेले. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्यात. काल ऑपरेशन झालं. बोटं पुन्हा वळतील की नाही ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. गालावरही टाके.

बकरी ईदच्या आधी गावोगावची जनावरं तपासायला आली, काम वाढलं, म्हणून तिनं दुसरी भिंगरी जोडली होती. पातेल्याची. त्यात जुनी चकती घातली. मी ती फेक म्हणाले नव्हते.

जुलेखा म्हणाली, “माझीच चूक मॅडम. तुमी पोलादी लिहिलं होतं, मी पातेलं लावलं. भावाला पण हेच सांगितलं.”

तिचा भाऊ गुफरान भिंतीला टेकून उभा होता. टेंपो चालवतो. त्यानं मला चहा आणून दिला.

मी चहा प्यायले. माझ्या पानावर ‘पोलादी’ लिहिलेलं आहे. कागदावर माझा दोष कुठंच नाही. आणि अठ्ठावीस तारखेला फक्त चार दिवस राहिलेत.

हे लिहून वाचलं. खोडणार नाही.

२५ एप्रिल

गुफराननं फुटलेल्या चकतीचा फोटो पानावर टाकून विचारलं होतं, ‘असं का झालं?’ मी उत्तर दिलं नव्हतं. अनिलकुमारनं तो पाहिला, सकाळीच मैंदर्गीला गेला आणि तुकडा घेऊन थेट वर माझ्या खोलीत आला. वर्षानंतर. खाली आई त्याला ‘बस रे, पाणी घे’ म्हणत होती. तो थांबला नाही.

तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. भिंतीतली पोकळी वर होती.

“किती नीट केलीयस,” तो म्हणाला. “कोपरेसुद्धा गोल घेतलेस. चुकून झालेली पोकळी अशी नसते.”

मी तुकडा उलटा ठेवला.

“माझ्यासाठी होती ना?”

“तू गार्ड काढलास.”

“काढला. ते माझं. पण ही?”

“डिझाइन एकट्याच्या नावावर का केलंस?”

तो खुर्चीवर बसला. त्याचीच जुनी खुर्ची. म्हणाला, “तुझी सही घ्यायला तीनदा आलो होतो. तू दर वेळी गार्डवरून भांडलीस आणि मला जिन्यातून खाली पाठवलंस. मुदत संपत होती. मी एकट्याचं नाव घातलं. चुकलं. पण मला वाटलं, नंतर घालता येईल. तू परत येशील.”

हा त्याचा नेहमीचा कांगावा. सही घ्यायला आलो म्हणे. यायचं तर नीट यायचं.

जाताना म्हणाला, “माझी यंत्रं जिथं जिथं गेलीत तिथं आज फोन करतोय, बंद ठेवा म्हणून. प्रात्यक्षिक रद्द केलं. गार्ड काढला ते मीच जाहीर करतो. दोष अर्धा माझा आहे.”

यातही त्याला अर्धा वाटा हवा.

“पण टेंभुर्णीला कोण सांगणार? आणि ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत त्यांना? माझ्या फोननं ते होणार नाही विजू. पान तुझं आहे.”

२६ एप्रिल

सकाळी पानाच्या अगदी वर लिहिलं:

‘भिंगरी ताबडतोब बंद करा. चकतीची भिंत आतून पोकळ आहे. ती चूक नव्हती. एका माणसाचं यंत्र फुटावं म्हणून मी ती मुद्दाम पोकळ ठेवली. त्यामुळे मैंदर्गीच्या जुलेखा यांचा हात जखमी झाला. त्यांनी काहीही चूक केली नाही. जुनी चकती फोडून टाका, वापरू नका, कुणाला देऊ नका. गार्ड पोलादीच हवा, कारण फुटलेला तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. हे कारण मी लपवलं होतं. —विजयमाला.’

‘चूक नव्हती’ हे वाक्य तीनदा काढलं आणि परत घातलं. ‘तांत्रिक त्रुटी’ असं लिहिलं असतं तरी यंत्रं बंद झाली असती. पण मग गुफरानचा तो चहा आठवत राहिला असता.

मग अप्पांना आणि आईला वाचून दाखवलं. अप्पा खाली दुकानात गेले आणि लेथ सुरूच केला नाही. आई म्हणाली, “त्या पोरीच्या आईला मी काय तोंड दाखवू?”

३ मे

पोलिसांत जबाब दिला. गुफराननं तक्रार केलीये. हवालदार पुन्हा पुन्हा विचारत होते, “म्हणजे नजरचुकीनं?” मी पुन्हा पुन्हा नाही म्हटलं.

पेपरात आज आलंय. अनिलकुमारची ऑर्डर गेली. यंत्रं परत येतायत, कारखाना बंद आहे. जानेवारीपासून मी याचीच वाट पाहत होते. बातमी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना खाली माझंही नाव दिसलं. दोघांची नावं पहिल्यांदाच एकत्र छापून आली.

९ मे

जुलेखा आली. हात गळ्यात अडकवलेला, गालावर टाक्यांची रेघ. गुफरान वर आला नाही, टेंपोतच बसून राहिला. तिनं माझ्यासमोर उभं राहूनच विचारलं.

“नवी चकती पाठवली तेव्हा तुमाला माहीत होतं?”

“हो.”

“मग जुनी फेकून दे, एवढं म्हणायला काय झालं?”

“तू बाकीच्यांना सांगितलं असतंस. मग त्याला कळलं असतं.”

“म्हंजे त्याला कळू नये, हे माझ्या हातापेक्षा मोठं.”

तिनं खिडकीतून खाली टेंपोकडे पाहिलं.

“त्याच्यावर तुमचा राग होता ना? तर त्याच्या तोंडात मारायची. रस्त्यात मारायची. मी पण आले असते तुमच्यासंगं.” मग म्हणाली, “भावानं तक्रार केलीय. ती मी मागं घेणार न्हाई. कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे. पण तोवर माझी लॅब कोण चालवणार? रगात काढायला नर्सबाई येतात. मशीनवर बसायला माणूस न्हाई. हात बरा होईस्तोवर तुमी यायचं. रोज.”

“येईन.”

“गतिमानवाले सर पण आले होते, नवं मशीन फुकट देतो म्हणून. त्यांना न्हाई म्हटलं. त्यांनी माझं कुठं काय बिघडवलंय? आणि पानाची चावी मला द्या. हितनं पुढं तुमी काय बदललं, की आधी मी बघणार. मग लोकांना दिसणार.”

तिथंच तिला पासवर्ड दिला. तिनं डाव्या हातानं तो बदलला. वेळ लागला. मी मदत करते म्हटलं तर म्हणाली, “नको.”

२० मे

भरीव चकत्या छापून तपासेपर्यंत इतके दिवस गेले. आज पहिला दिवस. सकाळच्या बसनं अक्कलकोट, तिथून मैंदर्गी. बरोबर भरीव चकत्या आणि पोलादी गार्ड नेला होता. लॅब बाजाराच्या तोंडाशी आहे, एकच खोली, पण टापटीप. धुळा आला होता, बरोबर एक मेंढी आणि डॉक्टरांनी काढून दिलेल्या रक्ताच्या नळ्या.

गार्ड बसवला. जुलेखानं बोटानं वाजवून पाहिला. मग म्हणाली, “चकती कापून दाखवा.”

शिकंज्यात धरून करवतीनं कापली. दोन्ही तुकडे तिच्या हातावर ठेवले. भिंत पूर्ण भरीव. तिनं उजेडात धरून पाहिली, धुळालाही दाखवली.

“ही बरोबर होती,” ती म्हणाली. “आता जी बसवणार तिचं काय?”

“तीही तशीच आहे.”

“तुमी म्हणताय.”

दुसरी कापली तर फिरवायला काही उरत नाही. मी ती बसवली, नळ्या समोरासमोर वजन बघून ठेवल्या, झाकणाचं कुलूप लावलं. जुलेखा सगळं बघत होती. मग तिनं धुळाला खूण केली आणि दोघं बाहेर गेले. बाकावर बसलेल्या दोन बायका पण उठल्या. धुळा परत आत आला, दाराशी बांधलेली मेंढी सोडली आणि तिलाही घेऊन गेला. दार कुणीतरी ओढून घेतलं.

चकती भरीव आहे. मीच छापली, मीच तपासली. तरी हात यंत्रावरून मागं येत होता.

“करा चालू,” बाहेरून जुलेखा म्हणाली.

मी झाकणावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.